ठसका लागला म्हणून तेल ओतून देऊ नका

या महिन्यात आलेली पाच पत्रं एकाच भागाबद्दल आहेत: इटलीतल्या टस्कनीमधला कियांतीचा डोंगरपट्टा आणि तिथल्या घरगुती वायनरीत वाइनबरोबर ऑलिव्हच्या तेलाची चव घेण्याचा कार्यक्रम. २००९ पासून जमेल त्या नोव्हेंबरात मी तिथे जाते आणि पान्झानो गावाजवळच्या एका कुटुंबाच्या बागेत ऑलिव्हच्या तोडणीला हात लावते. म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे दिली.

प्रश्न : मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे ऑक्टोबरच्या शेवटी फ्लोरेन्सला जाणार आहोत. ग्रेव्हेजवळच्या एका घरगुती वायनरीत वेळ घेतली आहे. मी आयुष्यात दोन-तीनदाच वाइन चाखली आहे. तिथले लोक चेरी, तंबाखू, व्हायोलेटची फुलं असं काय काय सांगतात म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. त्यांनी विचारलं तर काय बोलू? सासूबाई तर वाइन घेतच नाहीत.

उत्तर : तुमच्या जिभेला जे जाणवेल ते सांगा, आणि आधी मनाशी मराठीत म्हणून बघा. कियांती क्लासिको या वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे जातीची द्राक्षं असावी लागतात, आणि सांजोवेझेचे दोन ठळक गुण म्हणजे आंबटपणा आणि तुरटपणा. इंग्रजीतून वाइन शिकणारे यातल्या दुसऱ्या गुणाशी बरेच दिवस झगडतात, कारण कडू आणि तुरट यांची त्यांच्या बोलण्यात गल्लत होते. आपण सहा रस वेगळे मोजतो. कच्चं केळं कडू नसतं, तुरट असतं, हे आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणारी टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, तोंडाचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, हिरड्या ओढल्यासारख्या होतात. म्हणजे तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे. तो कुठे जाणवला, हिरड्यांवर की जिभेच्या मध्यावर, मऊ होता की खरखरीत, एवढं तुम्ही सांगू शकलात तरी समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसेल.

पहिल्या वर्षी मी तिथे गप्पच बसले होते. दुसऱ्या वर्षी न राहवून सांगितलं, की ही वाइन जांभळाच्या बीजवळच्या गरासारखी लागते. जांभूळ म्हणजे काय ते समजावण्यात दहा मिनिटं गेली. हातवारे झाले, वहीत चित्र काढून झालं. मग घरातली धाकटी मुलगी उठली आणि कुंपणावरच्या काटेरी झुडपाची टपोरी निळी-काळी फळं ओंजळीत घेऊन आली. त्यांना तिथे प्रुन्योलो म्हणतात. एक तोंडात टाकलं आणि जबडा आवळला गेला. अगदी जांभूळ नव्हे, पण चुलतभाऊ नक्की. तेव्हापासून त्या घरी सांजोवेझेची चव बघताना माझ्यासाठी शब्द ठरलेला आहे. चेरी आणि व्हायोलेट ही त्यांच्या परसातली आठवण आहे. तुमची आठवण तुमच्या परसातली असणार, आणि ती ऐकायला त्यांना मनापासून आवडतं.

आता प्रत्यक्ष कसं होतं ते सांगते. घरगुती वायनरीत बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी तुम्हाला भेटतं. आधी मळा दाखवतात. पायाखाली चपटे, हाताने चुरडता येणारे खडक दिसतील, तो गालेस्त्रो. पांढरट, कठीण चुनखडीचा दगड म्हणजे आल्बेरेसे. या दोन दगडांबद्दल प्रत्येक घराचं स्वतःचं ठाम मत असतं, ते जरूर विचारा. मग तळघर. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे खमिराचा दाट वास असतो. द्राक्षं नुकतीच खुडून झालेली, रस आंबून वाइन होत आलेली किंवा नुकतीच झालेली. माणसांच्या बोटांच्या चिरांत जांभळा रंग बसलेला असतो. दीड महिना धड झोप न झालेली ही माणसं तुमच्यासाठी ग्लास पुसत असतात, म्हणून ठरल्या वेळेला पोचा, आणि उशीर होणार असेल तर फोन करा. मला तिथे सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, की लोक तीन ठिकाणच्या वेळा एका दिवसात कोंबतात आणि तिसऱ्या घरी अर्धा तास उशिरा पोचून घड्याळ बघत बसतात. एका दिवशी एक घर पुरे.

टेबलावर साधारण तीन-चार वाइन येतील. साधी कियांती क्लासिको किमान १२ महिने मुरवलेली असते, रिझेर्वा २४ महिने आणि २०१४ पासून आलेली ग्रान सेलेझिओने ३०. वरच्या पायरीची ती चांगलीच, असं धरून चालू नका. त्या घराचा हात मला बहुतेक वेळा साध्या वाइनमध्येच ओळखता आला आहे, कारण तिथे लाकडाच्या पिंपाचा वास आड येत नाही. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, ते थुंकण्यासाठी आणि उरलेली वाइन ओतण्यासाठी. त्याचा वापर करण्यात काहीही अपमान नाही. वाइन बनवणारी माणसं स्वतः दिवसभर तेच करतात. त्या दिवशी अत्तर मात्र लावू नका, शेजारच्याच्या ग्लासातलाही वास त्याने मरतो.

सासूबाईंना खुशाल न्या. मात्र वेळ घेतानाच कळवा, की तिघांतल्या एकीसाठी फक्त तेलाची चव हवी आहे. तेल हा तिथे वाइनचा जोडधंदा नाही. अनेक घरांत ते वाइनइतक्याच मायेने केलं जातं, आणि घाण्याचं तेल ओळखणाऱ्या माणसाला त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळेल. तुम्हीही तेल आधी मागा आणि वाइन नंतर. वाइनच्या तुरटपणाने जीभ ओढली गेली, की तेलातलं बारीक काही कळत नाही.

गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने तेलावरच थांबावं. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. तिथला रस्ता वळणावळणाचा आहे. फ्लोरेन्सहून ग्रेव्हेला बस जाते, साधारण तास लागतो. स्टँडवर न्यायला याल का, असं त्या घरी विचारून ठेवा. मला आजवर नाही म्हटलेलं नाही.

प्रश्न : मागच्या नोव्हेंबरात गायोलेजवळच्या एका वायनरीत तिथल्या आजोबांनी ताजं हिरवं तेल लहानशा ग्लासात दिलं. गिळल्यावर असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. आजोबा मात्र खूष दिसले. त्यांच्याकडून तीन लिटरचा डबा आणला. घरी सगळे म्हणतात तेल कडू आहे, घशाला लागतं, खराब निघालं. टाकून द्यावं का?

उत्तर : टाकू नका. कृपा करून टाकू नका. आजोबा खूष झाले ते तुम्हाला ठसका लागला म्हणूनच.

ताज्या ऑलिव्ह तेलात ओलिओकँथल नावाचं एक द्रव्य असतं. तिखट मिरची जीभ, ओठ, सगळंच पेटवते. ओलिओकँथल जीभ सोडून देतं आणि गिळल्यावर काही सेकंदांनी घशाच्या मागच्या बाजूला टोचतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या एका शास्त्रज्ञाला सिसिलीत ताजं तेल चाखताना जाणवलं, की द्रवरूप आयबुप्रोफेन गिळताना घशाला असंच होतं. त्या धाग्यावरून शोध घेत त्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की हे द्रव्य दाहावर आयबुप्रोफेनसारखंच काम करतं. म्हणून दोन चमचे तेल म्हणजे औषधाची गोळी, असा हिशेब करू नका. पण ठसका हा तेलाचा दोष नाही, एवढं त्यातून पक्कं कळतं.

तेलाची अधिकृत पारख करणारी मंडळं असतात, आठ ते बारा तरबेज माणसांची. ती तीन गुण मोजतात: फळाचा वास, कडूपणा आणि घशाला लागणारा झोंबरेपणा. कडू आणि झोंबरं हे दोन्ही त्यांच्या कागदावर गुणांच्या रकान्यात लिहिलेले असतात. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायचं तर तेलाची आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते, फळाचा वास जाणवावा लागतो आणि दोष एकही जाणवता कामा नये.

आणि दोष ओळखायला आपली भाषा फार उपयोगी पडते. जुन्या खोबऱ्याला किंवा शेंगदाण्यांना येतो तो खवट वास म्हणजे हवा, उजेड आणि उष्णता लागून बिघडलेलं तेल. बुरशीचा कुबट वास म्हणजे ओलसर जागी पडून राहिलेली फळं. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे फळं आंबायला लागली होती. चौथा दोष परदेशी माणसाला समजावून सांगायला कठीण, त्याला इटालियनमध्ये रिस्काल्दो म्हणतात, म्हणजे तापणं. ओला कडबा रचून ठेवला की तो आतून उबतो आणि त्याला एक जड वास येतो, तोच हा. आपला ‘उबणं’ हा शब्द त्यावर नेमका बसतो.

हा दोष मी हाताने अनुभवला आहे. एका वर्षी आम्ही दिवसभर तोडणी केली. झाडाखाली जाळ्या पसरायच्या, लहान दात्यांनी फांद्या विंचरायच्या, फळं हवेशीर क्रेटमध्ये भरायची. ती शक्य तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दळली जायला हवीत. त्या वर्षी नेहमीच्या गिरणीचं यंत्र बंद पडलं आणि आमचे क्रेट तिथल्या अंगणात अडीच दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी खालच्या क्रेटमध्ये हात घातला तर फळं कोमट लागली. झाडावरून थंडगार उतरवलेली फळं कोमट! निघालेलं तेल दिसायला सुरेख होतं, पण वास जड. घरच्या मालकीणबाईंनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि त्या लॉटच्या एकाही बाटलीवर आपल्या घराचं लेबल लावू दिलं नाही. तिथे शंभर किलो फळांतून साधारण बारा ते पंधरा किलो तेल निघतं. म्हणजे किती दिवसांची मेहनत त्या एका घोटात गेली, याचा हिशेब करून बघा.

त्या झाडांबद्दलही सांगायला हवं. जानेवारी १९८५ मध्ये टस्कनीत भयानक थंडी पडली. ऑलिव्हची झाडं लाखोंनी गोठली, खोडं फाटली. बहुतेकांनी झाडं जमिनीलगत कापली आणि बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या धुमाऱ्यांची वाट बघितली. म्हणून आज तिथे एकाच जागेतून तीन-चार बारीक खोडं वर आलेली झाडं दिसतात. खोडं चाळीस वर्षांची, मुळं कितीतरी जुनी. ‘हे झाड पंच्याऐंशीनंतरचं का?’ एवढा एक प्रश्न विचारा, समोरचं माणूस मोकळं होतं.

तर तुमच्या डब्याचं असं करा. डबा उघडला आहे, म्हणजे हवा शिरली आहे. तेल गडद रंगाच्या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, घट्ट बूच लावा आणि गॅसपासून लांब, बंद कपाटात ठेवा. मग एक दिवस पुन्हा चव घ्या, पण रीतसर. लहान पेल्यात चमचाभर तेल ओता, वर तळहात झाका आणि दुसऱ्या हाताने पेला खालून धरून ऊब द्या. दोन मिनिटांनी हात काढून वास घ्या. कापलेलं गवत, टोमॅटोची पानं, कच्चा बदाम असं काही आठवतंय का? घोट घ्या, दात मिटून फटीतून हवा आत ओढा, गिळा, आणि दहापर्यंत मोजा. झोंबरेपणा उशिरा येतो. रंगाकडे बघू नका. पारखणारे निळ्या काचेचे पेले वापरतात, ते रंग दिसू नये म्हणूनच. दोन तेलांच्या मध्ये हिरव्या सफरचंदाची फोड खाल्ली की तोंड साफ होतं. पाव नंतर, कारण पाव दोष झाकतो.

खवट वास आला तरच तेल दिवा लावायला घ्या. नाही तर भाजलेल्या पावावर लसूण घासून त्यावर ते सढळ ओता आणि मीठ भुरभुरा. तिथे याला फेत्तुंता म्हणतात, आणि नव्या तेलाचं पहिलं खाणं तेच. उकडलेल्या पांढऱ्या राजम्यावर, घट्ट डाळीच्या सुपावरही कच्चं ओता. कडू आणि झोंबरं तेल अशा मऊ, पिठूळ पदार्थांवरच खुलतं. महिने जातील तसा त्याचा कडूपणा आपोआप उतरेल. तो उतरायच्या आत डबा संपवावा, असं मला वाटतं.

प्रश्न : नुसती ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लासिको’ यांत फरक काय? आणि बाटलीवर काळा कोंबडा का असतो?

उत्तर : फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला मूळ पट्टा तो क्लासिको. १७१६ मध्ये ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याने फर्मान काढून त्याची हद्द ठरवली. वाइनसाठी अशी हद्द आखून देण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. पुढे आजूबाजूचे लोकही आपल्या वाइनला कियांती म्हणू लागले. १९२४ मध्ये राद्दा गावात ३३ उत्पादकांनी संघ काढला आणि काळा कोंबडा हे चिन्ह घेतलं. १९३२ मध्ये सरकारने मोठ्या प्रदेशाला कियांती हे नाव वापरू दिलं आणि मूळ पट्ट्याला ‘क्लासिको’ ही जोड दिली. कोंबडा दिसला नाही तर वाइन वाईट, असा अर्थ नाही. ती बाहेरच्या पट्ट्यातली आहे, एवढंच.

कोंबड्याची कथा अशी सांगतात: सीमेचा वाद मिटवायला दोन्ही शहरांनी ठरवलं, की कोंबडा आरवताच एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघे भेटतील तिथे हद्द. सिएनाने पांढरा कोंबडा घेतला, त्याला खाऊपिऊ घातलं. फ्लोरेन्सने काळ्याला उपाशी ठेवलं. तो भुकेने उजाडायच्या कितीतरी आधी आरवला, त्यांचा स्वार लवकर सुटला आणि सिएनाच्या जवळ फोंतेरूतोलीपर्यंत पोचला. कथाच आहे, पण नकाशावर फोंतेरूतोली कुठे आहे ते बघून ठेवा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. तिथे काय विचारावं?

उत्तर : तीन गोष्टी. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून काढलेलं जिलेटिनसारखं द्रव्य वापरतात. युरोपात अंडं आणि दूध वाइनमध्ये अंशाने उरलं असेल तर लेबलवर लिहावं लागतं, माशाच्या द्रव्याला ते बंधन नाही, म्हणून तोंडी विचारा. पुष्कळ लहान वायनरी यातलं काहीच वापरत नाहीत, वाइन स्वतःहून निवळू देतात. दुसरं म्हणजे सोबत येणारं पेकोरीनो हे मेंढीच्या दुधाचं चीज. ते बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या, दूध साकळवणाऱ्या द्रव्याने विरजतात, काही जण मात्र त्यासाठी रानटी आर्टिचोकच्या फुलाचे तुरे वापरतात. ते चीज आहे का, विचारा. तिसरं, विन सांतो या गोड वाइनबरोबर बुडवून खायला देतात त्या कांतुच्ची बिस्किटांत अंडं असतं. विन सांतो स्वतः मात्र चुकवू नका. द्राक्षं महिनोन्‌महिने टांगून सुकवतात, मग रस लहान पिंपांत भरून, पिंपं सील करून माळ्यावर ठेवतात. उन्हाळ्याचं ऊन आणि हिवाळ्याची थंडी त्यांना वर्षानुवर्षं लागू देतात.

प्रश्न : जायला कुठला महिना चांगला? आणि बाटल्या भारतात किती आणता येतात?

उत्तर : द्राक्षांची खुडणी बघायची तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पण त्या दिवसांत कुणाला बोलायला फुरसत नसते. माझं मत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. वाइनची धावपळ संपलेली असते आणि गिरणीतून नवं तेल येत असतं. ऑगस्टच्या मध्यावर जाऊ नका, इटली तेव्हा सुट्टीवर असते.

भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. तिसरीने मर्यादा ओलांडते. तेल या मोजणीत येत नाही. दोन्ही सामानाच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत अजून बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही. बाटलीला आधी प्लास्टिकची पिशवी, मग स्वेटर, आणि बॅगेच्या मधोमध. तेल पत्र्याच्या डब्यात घ्या, काचेपेक्षा हलकं आणि उजेडही लागत नाही. घेताना डब्यावर तोडणीचं साल लिहिलं आहे का बघा, ‘रक्कोल्ता’ या शब्दापुढे असतं. नसेल तर विचारून घ्या आणि तिथेच मार्करने लिहून टाका.